मुडपलेलं बोट

कोवळ्या दुधीकडे सरळ बोट दाखवू नये, तो कुजतो, हे कमळाकरला त्याच्या आईने शिकवले होते आणि तिला तिच्या आईने. दाखवायचेच झाले तर बोट आत मुडपायचे आणि सांध्याने खूण करायची. किन्हवलीच्या आसपासची जुनी माणसे अजूनही असेच करतात. कमळाकरची ही खोड मात्र वेलापुरती राहिली नव्हती. पोटरीवर आलेले भात, गाभण शेळी, दुसऱ्याच्या अंगणात रांगणारे मूल, खळ्यावरची रास, कशाकडेही त्याचे बोट सरळ होत नसे. माणसाकडे तर त्याने जन्मात बोट केले नव्हते. गावातले लोक थट्टेने म्हणत, कमळाकर वाटसरूला वाटसुद्धा हनुवटीने दाखवतो.

त्या कार्तिकात त्याच्या खळ्यावर झोडणी चालली होती. सकाळचे दव उन्हाने उडाले की त्याची बायको अंबूबाई भारे सोडून द्यायची आणि कमळाकर व त्याची मुलगी रुचिता समोरासमोर उभे राहून तिरक्या फळीवर पेंढ्या आपटायचे. खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर दाणे सरसरत पडत. भुसाने मान खाजे, घशात कुसळ अडके. रुचिता एकाच हाताने पेंढी उचलायची. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. भाद्रपदात ती सासरहून आली तेव्हा तो खांदा काळानिळा होता, आणि ओठ फुटलेला होता. त्याआधीही ती दोनदा अशीच आली होती, आणि दोन्ही वेळा कमळाकरने तिला परत नेऊन घातले होते. व्याह्यांच्या ओटीवर बसून चहा घेतला होता, जावयाला चार समजुतीचे शब्द सांगितले होते, आणि शब्द सांगताना आपण जमिनीकडे बघत होतो हे त्याला अजून आठवत असे. तिसऱ्या वेळी अंबूबाई आडवी आली. म्हणाली, आता नेलीत तर मलापन तिथंच टाकून या.

मग अंगणवाडीची बाई रुचिताला घेऊन छळ झालेल्या बायकांसाठी सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेली. अर्ज झाला. शहापूरच्या कोर्टात रुचिता न्यायाधीशांसमोर उभी राहिली, आणि विचारले तेवढ्याची उत्तरे तिने खालच्या आवाजात पण न अडखळता दिली. पुढची सुनावणी होईपर्यंतचा आदेश त्याच दिवशी निघाला. तिचा नवरा मितेश याने तिला मारहाण करायची नाही, तिच्या वाटेला जायचे नाही, तिच्या माहेरी फिरकायचे नाही. आणि तिच्या वस्तू व माहेरून आणलेल्या दोन शेळ्या तिला नेऊ द्यायच्या.

संरक्षण अधिकारी बाई चष्मा डोक्यावर सरकवून कमळाकरला म्हणाल्या होत्या, "काका, हा कागद तुमच्या घरात ठेवून उपयोगाचा नाही. तो त्याच्या हातात पडला पाहिजे. त्याला माहीतच नसेल तर त्याने आदेश मोडला असं उद्या कुणालाही म्हणता येणार नाही." आणि मग त्यांनी सांगितले की कोर्टाचा बेलीफ कागद घेऊन जाईल, पण त्या गावात तो परका. नाव विचारले की तिथली माणसे, तो तर मुंबईला गेलाय, असे तोंडावर सांगतात. म्हणून ओळख पटवायला घरचे माणूस हवे. तुम्ही जा आणि दाखवा. तेवढेच काम.

तेवढेच काम, असे कमळाकरही वाटभर मनाशी म्हणत राहिला.

धसईच्या स्टँडवर बेलीफ मोटरसायकल घेऊन उभा होता. मध्यम वयाचा, उन्हाने रापलेला, बोलण्यात रुक्ष पण वाईट नव्हे. धसईच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत मितेशचे गाव होते. रस्त्यावरच्या मोरीपाशी गाडी लावून दोघे बांधावरून निघाले. घराला कुलूप होते. शेजारच्या म्हातारीने, सगळी खळ्यावर हायेत, रास मोजतायत, असे सांगितले.

कमळाकर म्हणाला, "तुमी इथं आंब्याखाली थांबा. आधी मी जातो. एकदम परका माणूस बगून तो निसटंल."

बेलीफला ते पटले.

मितेशचे खळे उतारावर होते. ट्रॅक्टर तिथे चढत नसल्याने भात हातानेच झोडलेले. भोवती भावकीतली दहाबारा माणसे, एका बाजूला पेंढ्याची उडवी, आणि मधोमध रास. राशीच्या माथ्यावर झेंडूचे फूल, पायथ्याशी रेघ ओढलेली. कमळाकरने सवयीने चपला दूर काढल्या. त्याला पाहताच मितेशच्या हातातले सूप थांबले. क्षणभरच. मग तो झपाझप पुढे आला आणि सगळ्यांच्या देखत वाकून कमळाकरच्या पाया पडला.

"या मामा. बरोब्बर टायमाला आलात."

हे त्याला नेहमीच छान जमत असे. मितेशची आई जना पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने व्याह्यांच्या पायांवर पाणी घातले, पदराने कपाळ पुसले, आणि मान वर न करता म्हणाली की आज तुमी आलात, लक्ष्मी आली. कुणी घोंगडे अंथरले, कुणी चहा दिला. रुचिता कशी आहे, असे कुणी विचारले नाही. जणू ती शेजारच्या शेतात पेंढा गोळा करायला गेली होती आणि येतच असेल.

कमळाकरने राशीतला एक दाणा उचलून दाताखाली धरला. कटकन तुटला. तांबूस कुसळाचा, बारीक, घरचाच दाणा. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात रुचिताने हे बी त्याच्या कणगीतून फडक्यात बांधून इथे आणले होते. यंदाची आवणीही तिनेच केलेली. गुडघाभर चिखलात वाकून तिने लावलेली रोपे आता दाणा होऊन त्याच्यासमोर रचली होती. ही रास जेवढी मितेशची तेवढीच तिची. हिच्यासमोर वाईट शब्द कसा काढायचा? खळ्यावर रास असेपर्यंत भांडण काढू नये, कुणाचे वाभाडे काढू नयेत, नाहीतर वर्षाची बरकत जाते, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते त्याच्या हाडात होते. त्याने ठरवले, रास मोजून होऊ दे. पोती बांधली, फूल उचलले की दाखवू. एवढ्याने काय बिघडते?

मितेशच्या चुलत्याने पहिली पायली भरली. पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही.

"लाभ," तो म्हणाला आणि पायली पोत्यात रिकामी केली.

तेवढ्यात बेलीफ खळ्याच्या कडेला येऊन उभा राहिला. वाट बघून कंटाळला असावा. कुणीतरी हटकले, "ओ भाऊ, बूट." तो दोन पावले मागे सरला. भाताचा व्यापारी समजून बाकीच्यांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. तो कडेकडेने कमळाकरपाशी आला, शेजारी उकिडवा बसला आणि पुटपुटला, "यातला कोण?"

कमळाकर राशीकडे बघत राहिला. "रास उचलू द्या. थोडा टाइम."

"मला अजून दोन गावं आहेत. बोट करा नुसतं. बाकी मी बघतो."

कमळाकरचा उजवा हात गुडघ्यावर होता. तो त्याने उचलला असे त्याला वाटले. निदान उचलायचा होता खास. समोर मितेश वाकून पायली भरत होता, त्याच्या पाठीवर भूस चिकटले होते, घामाने सदरा काळा पडला होता. कामाचा माणूस दिसत होता तो, अगदी आपल्यासारखा. पायांवरचे पाणी अजून वाळले नव्हते. कमळाकरचे बोट गुडघ्यावरच आत मुडपले आणि तसेच राहिले.

"दाखवताय का नाही?"

बेलीफने उठून पँट झटकली. "मी इथं ओरडून नाव विचारलं तर सगळे कानांवर हात ठेवतील. मी तसं लिहून देतो. पुढच्या खेपेला तरी दाखवा, काका." त्याच्या आवाजात राग नव्हता. असे बाप त्याने बरेच पाहिले असावेत.

रास मोजून झाली तोवर मोटरसायकलचा आवाज डोंगराआड विरला होता.

घरी पोचला तेव्हा अंबूबाई चुलीपाशी होती आणि रुचिता अंगणात सुपाने भात वारवत होती. त्याला पाहून तिने सूप खाली ठेवले.

"दिला?"

तो माठापाशी उभा राहून पाणी पीत होता. पेला तोंडाशी होता. त्याने हनुवटी खाली केली, पुन्हा वर केली. पुढच्या खेपेला आपण दाखवणारच आहोत, म्हणजे हे खोटे नव्हे, फक्त थोडे लवकर सांगितलेले खरे आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मग पेल्यात उरलेले पाणी त्याने अंगणात फेकले.

रुचिताने मात्र तो होकार अंगावर घेतला, जशी थंडीत कुणी गोधडी घ्यावी. दुसऱ्या दिवशी तिने केसांना तेल लावले आणि ओटीवर, रस्त्याकडे तोंड करून, वेणी घातली. इतके महिने ती मागच्या पडवीत बसत असे. मोटरसायकल वाजली की आत जात असे. आता ती एकटी ओढ्यावर धुणे घेऊन जाऊ लागली. किन्हवलीच्या बाजारातून एकटी भाजी घेऊन आली, आणि कोथिंबीर विकणारीने कशी फसवली ते सांगताना हसली. अंबूबाईने तोंडाला पदर लावला. कमळाकर उठून गोठ्याकडे गेला. रोज सकाळी तो आज सांगू म्हणून उठे, आणि रोज तिचे ते सैल झालेले खांदे पाहून तो न सांगताच कामाला लागे. सांगायला जितका उशीर होई तितके सांगायचे जड होत जाई.

तो भात भरडायला गिरणीवर गेला होता, त्या दिवशी रुचिता शेळ्या आणायला निघाली. काळी शेळी व्यायला झाली असेल, तिथे उकिरड्यावर पिल्ले टाकील, असे ती म्हणाली. अंबूबाईने आधी, बाबांना येऊ दे, म्हणून पाहिले. मग तिलाही वाटले, कागद तर पोचलाय. दिवसाउजेडी जाऊन येईल. तिने भाकरी बांधून दिली. रुचिताने आदेशाची आपली प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोलक्यात ठेवली.

संध्याकाळी धसईच्या दवाखान्यातून फोन आला.

पोलीस ठाण्यातल्या बाकावर कमळाकर रुचिताच्या शेजारी बसला होता. तिच्या उजव्या हाताला कोपरापासून पंज्यापर्यंत ओले प्लास्टर, त्यातून सुजलेली, अर्धवट वाकलेली बोटे बाहेर आलेली. समोर हवालदार लिहून घेत होता. रुचिता सांगत होती, कोर्टात सांगितले होते तशीच, न अडखळता. गोठ्यात शेळी सोडायला वाकले तेव्हा तो आला. मी कागद दाखवला. म्हटलं, मला हात लावायचा नाय, कोर्टानं सांगितलंय. तो हसला.

"काय म्हणाला हसून?" हवालदाराने विचारले.

बापाकडे रुचिताने पाहिले नाही.

"म्हणाला, कसला कागद? मला कोनी दिला नाय. तुजा बाप आला व्हता की खळ्यावर. पाय धुवून घेतले, च्या प्याला, रास मोजून हुईपर्यंत बसला नि गेला. त्याला ईचार जा. मग गोठ्याची आगळ काढून हातावर घातली."

हवालदाराने पेन खाली ठेवले. मारहाणीचा गुन्हा घेतो, तो वेगळा, असे तो म्हणाला. पण आदेश मोडल्याचा नाही घेता यायचा. बेलीफचा अहवाल आहे, ओळख पटवणाऱ्याने इसम दाखवला नाही, म्हणून आदेश बजावता आला नाही. तो मिळालाच नसेल, तर मोडला कसा म्हणायचे? हे तो कमळाकरकडे न बघता, टेबलावरच्या काचेकडे बघून बोलला. त्याचा तो सभ्यपणा कमळाकरला चपराकीसारखा लागला. आपणही असेच, सभ्यपणाने, कुठेतरी दुसरीकडे बघत बसलो होतो.

पोलिसांनी मितेशला नेले आणि जामिनावर सोडलेही. घरी झोडणी अर्धवट राहिली होती. कमळाकर आता एकटाच फळीपुढे उभा राहायचा. रुचिता ओटीवर बसून, डॉक्टरांनी सांगितले होते तशी, प्लास्टरबाहेरची बोटे सरळ करायचा प्रयत्न करीत असे. बोटे थोडी उघडत, थरथरत, पुन्हा वाकत. ती त्याच्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरे झाले असते. जेवायला वाढले की जेवे, विचारले तर उत्तर देई. एकदाच, तो पाणी द्यायला गेला तेव्हा, ती म्हणाली, "नाय दिला, एवढं सांगायचं व्हतं, बाबा. मी गेली नसती."

रास, बरकत, पायांवरचे पाणी, खळ्यावर त्याला डोंगराएवढे वाटलेले सगळे त्या एका वाक्यापुढे भुसासारखे उडून गेले.

आदेश पुन्हा निघाला. पुन्हा धसईचा स्टँड, तोच बेलीफ, तीच मोटरसायकल. मार्गशीर्ष लागला होता. मितेशच्या खळ्यावर आता काही नव्हते. सारवणाला भेगा पडल्या होत्या आणि सांडलेले दाणे चिमण्या टिपत होत्या. मितेश घराच्या अंगणात कुऱ्हाडीला धार लावत बसला होता. कमळाकरला पाहून तो उठला, चेहऱ्यावर तेच हसू आणून पुढे आला, आणि पाया पडायला वाकला.

"या मामा."

कमळाकरने पाय मागे घेतला. त्याने उजवा हात वर उचलला. बोट जुन्या वाटेने आत वळू लागले. त्याने डाव्या हाताने ते धरले, सरळ केले आणि तसेच धरून ठेवले.

"ह्योच," तो म्हणाला. "ह्योच मितेश. माझा जावई."

बेलीफने नाव विचारून खात्री केली, कागद मितेशच्या हातात दिला, काय लिहिले आहे ते वाचून दाखवले आणि सही घेतली. मितेशचे हसू चेहऱ्यावर तसेच राहिले होते, नुसते, काढायचे विसरल्यासारखे. जना दारात तांब्या घेऊन उभी होती. सून गेल्यापासून तिच्याही गालाचे हाड वर आल्यासारखे दिसत होते. की तो जुना वळ होता? कमळाकरने तिच्याकडे आजवर कधी नीट पाहिलेच नव्हते.

"पानी तरी घ्या, व्याही," ती हळूच म्हणाली.

त्याच्या घशाला कोरड पडली होती. "नको," तो म्हणाला. मग गोठ्यात जाऊन त्याने काळी शेळी सोडली. तिची पिल्ले जगली नव्हती. दुसरी शेळी विकली होती, असे कळले. बेलीफने तेही लिहून घेतले. घर दिसेनासे होईपर्यंत शेळी दावे ताणून मागे बघत राहिली.

घरी रुचिता ओटीवर होती. शेळीने तिला ओळखले, पायांशी येऊन अंग घासले. रुचिताने डाव्या हाताने तिची पाठ चाचपली, रिकामी कास पाहिली, आणि काय ते समजली.

"दिला," कमळाकर न विचारताच म्हणाला.

"कुणाच्या हातात?"

"त्याच्या. मी दाखवला. सही केली त्यानं."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. एवढा वेळ तिने त्या दिवसानंतर त्याच्याकडे पाहिले नव्हते. त्याला वाटले, आता ती काहीतरी बोलेल. तिने शेळीचे दावे खुंटाला बांधले, एका हाताने, दातांची मदत घेऊन. तो पुढे झाला तेव्हा गाठ मारून झाली होती.

"सकाळी मी शहापूरला जातंय," ती म्हणाली. "कोर्टात बगून येतंय."

"अगो, मी सांगतंय ना. माझ्यासमोर दिला."

"व्हय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. "तरी बगून येतंय."

अंबूबाई चुलीतले लाकूड मागे ओढत राहिली.

सकाळी धुके होते. रुचिता पुढे चालत होती, कमळाकर थोडा मागे. तुमी नका येऊ, असे ती म्हणाली होती, तरी तो निघाला होता, आणि तिने पुन्हा हटकले नव्हते. बांधावर वालाला फुले आली होती. रस्त्यावर ते दोघे एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून उभे राहिले. तिने पिशवी डाव्या खांद्याला अडकवली होती. खांदा दुखत असणार. पिशवी दे, असे म्हणावेसे त्याला वाटले. शब्द जुळेपर्यंत वळणावर एसटीचा आवाज आला.

बस थांबवायला कमळाकरचा हात उठला. पण त्याच्याआधी रुचिताने आपला हात वर केला होता, प्लास्टरमधला, कोपरापासून अवघडलेला. बाहेर आलेली बोटे पुरती सरळ होत नव्हती. ती त्यांना थरथरत्या जोराने उघडू पाहत होती. ड्रायव्हरने ती पाहिली आणि बस थांबली.

कमळाकरने आपला हात खाली घेतला. रुचिताला घेऊन बस धुक्यात शिरली तेव्हाही तो रस्त्याच्या कडेला उभा होता.